लाल टोपी, केशरी टोपी

पलंगाची साइड रेल वर घ्यायची, ओली फरशी दिसली की मावशींना हाक मारायची, 'तुम्ही पाटील ना?' असं न विचारता 'नाव काय तुमचं?' विचारून हातावरची पट्टी वाचायची, हे सगळं तुम्ही नव्या नर्सेस शिकून आला आहात. मी इन्शुलिनबद्दल सांगते, कारण तिथे माझी चूक झाली.

नोकरीचा तिसरा महिना, मेडिसिन वॉर्ड. आधीच्या शिफ्टकडून नुकतीच ओव्हर घेतली होती. एका काकांना जेवणाआधी 12 युनिट द्यायचे होते. इन्शुलिनची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून आणली. मी ट्रेमधली लाल टोपीची सिरिंज घेतली, 12 च्या रेघेपर्यंत भरली आणि दिलं.

लाल टोपीची सिरिंज 40 ची, म्हणजे एका मिलीत 40 युनिट असलेल्या इन्शुलिनसाठी. व्हायल होती 100 ची. 40 च्या सिरिंजवर 12 ची रेघ म्हणजे 0.3 मिली. तेवढ्यात 100 च्या व्हायलमधले 30 युनिट गेले. अडीच पट! उलट झालं, 40 चं इन्शुलिन केशरी टोपीच्या 100 च्या सिरिंजने ओढलं, तर 12 ऐवजी पाचसुद्धा जात नाहीत. मग शुगर उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो. आपल्याकडे दोन्ही सर्रास मिळतात. रंगावर जाऊ नका, टोपी काढली की रंग गेला. व्हायलवरचा आणि सिरिंजवरचा, दोन्ही आकडे मोठ्याने वाचा. जुळत नसतील तर गणित करू नका, सिरिंज बदला.

दीड तासाने काकांचा सदरा घामाने चिंब, बायकोला भलत्याच नावाने हाक मारत होते. शुगर 46, म्हणजे धोक्याइतकी कमी. डॉक्टर धावत आले, 25 टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून गेलं, मग दर पंधरा मिनिटांनी बोटाला सुई. बऱ्याच वेळाने काकांनी डोळे नीट उघडले आणि माझ्याकडे पाणी मागितलं. आजही इन्शुलिन भरताना तो ओला सदरा आठवतो.

दुसऱ्या सिस्टरने नुसतं 'मी बघितलंय, दे तू' म्हणणं ही तपासणी नव्हे. तिने डॉक्टरांची ऑर्डर स्वतः वाचायची, सिरिंज स्वतः हातात घ्यायची. भराभर उरकणाऱ्या सीनिअरला हुशार समजू नका. जी थांबून वाचते तिच्या मागे राहा.

आणि चूक झालीच तर लगेच बोला, लपवलीत तर पेशंट जाईल. मी त्याच रात्री रडत रडत चूक नोंदवायचा इन्सिडेंट फॉर्म भरला. नोकरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी इन्चार्ज सिस्टरांनी फ्रिजमध्ये 100 च्या व्हायलसाठी वेगळा डबा ठेवला आणि 100 च्या सिरिंजही त्याच्याच शेजारी.