पुण्याहून गॅलिपोली: भिंतीवरचं नाव शोधताना

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोली द्वीपकल्पावर पडलेल्या सैनिकाचं नाव तिथल्या स्मारकाच्या भिंतीवर शोधायचं असेल, तर तयारी खडकीतून करा. खडकीतल्या युद्धस्मशानभूमीची आणि तुर्कस्तानातल्या हेलेस स्मारकाची देखभाल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडेच आहे. अशा स्मारकांवर नावं बहुधा आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग वर्णक्रम अशी लावतात. ही रीत खडकीत डोळ्याखालून घातली की तिकडे वेळ वाचतो.

हेलेसवर वीस हजारांहून जास्त नावं आहेत, त्यात 1915 च्या मोहिमेतले भारतीय सैनिकही. कमिशनच्या संकेतस्थळावर शोधताना नावावर भिस्त ठेवू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने इंग्रजीत काय लिहिलं असेल सांगता येत नाही. स्मारक, वर्ष, रेजिमेंट असे गाळत जा. नुसता सेवाक्रमांकही फसवतो, कारण वेगवेगळ्या रेजिमेंटमध्ये तोच आकडा सापडतो. नाव ज्या फलकावर कोरलंय त्याचा पॅनेल क्रमांक कागदावर उतरवून घ्या.

इस्तंबूलहून बसने द्वीपकल्पावरचं एजेआबात गाव, साधारण पाच तास. तिथून हेलेस तीसेक किलोमीटर दक्षिणेला, आणि चूक इथेच होते: बहुतेक सहली फक्त उत्तरेकडचा अँझॅक (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याचा) भाग दाखवतात. हेलेससाठी वेगळी गाडी ठरवा. 25 एप्रिलच्या, म्हणजे अँझॅक दिनाच्या, आसपास गर्दी, रस्ते बंद. ते दिवस टाळा.

अँझॅक मात्र चुकवू नका. हे सैन्य जिथे उतरलं ती खाडी तुर्कस्तानने 1985 मध्ये हल्ला करणाऱ्यांच्याच नावाने अधिकृतपणे ओळखायचं ठरवलं. जवळच आरीबुर्नूला, परक्या सैनिकांच्या आयांना धीर देणारा शिलालेख आहे. तो आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याचा मानतात, पण शब्द खरंच त्याचे का, यावर इतिहासकारांचा वाद आहे.