मराठी मजकुरासाठी व्हारकॅर२, कॅर की क्लॉब?

पीएल/एसक्यूएल (ओरॅकल डेटाबेसची प्रोग्रामिंग भाषा) नव्याने शिकणाऱ्यांना मी सुरुवातीलाच एक क्वेरी चालवायला सांगतो: ‘श्री’वर आधी लेंग्थ (चिन्हं मोजतं), मग लेंग्थबी (बाइट मोजतं). दिसायला एकच अक्षर, पण लेंग्थचं उत्तर ४ येतं (श, हलंत, र आणि वेलांटी) आणि लेंग्थबीचं १२. ओरॅकलच्या एएल३२यूटीएफ८ कॅरेक्टर सेटमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं.

कॉलमचा टाइप व्हारकॅर२(२०) (बदलत्या लांबीचा मजकूर) असा नुसता लिहिला, की डिफॉल्ट सेटिंगमध्ये २० बाइट धरले जातात. ‘महाराष्ट्र’ला ३० लागतात. इन्सर्ट करताच ओआरए-१२८९९ येतो आणि कॉलमचं नाव, आलेली लांबी ३०, कमाल लांबी २०, सगळं तिथेच सांगतो. तो एरर शेवटपर्यंत वाचा. पुष्कळ जण ज्या फाइलमधून डेटा आला तीच उगाच तपासत बसतात. कॉलम व्हारकॅर२(२० कॅर), म्हणजे २० बाइट नव्हे तर २० चिन्हं, असा करा, आणि ‘कॅर’ टेबलच्या स्क्रिप्टमध्येच लिहा. सेटिंगच्या भरवशावर राहिलात, तर दुसऱ्या सर्व्हरवर तीच स्क्रिप्ट वेगळं टेबल बनवते.

तरीही वरची मर्यादा बाइटमध्येच राहते: टेबलमध्ये ४०००, म्हणजे देवनागरीची जेमतेम १३३३ चिन्हं. पीएल/एसक्यूएलमधला व्हेरिएबल मात्र ३२७६७ बाइटपर्यंत जातो. त्यामुळे लांबलचक तक्रार अर्ज प्रोसिजरमध्ये सुखाने मावतो आणि इन्सर्टला अडतो. ओरॅकलच्या १२सी आवृत्तीपासून टेबलची मर्यादाही ३२७६७ करता येते, पण तो बदल मागे घेता येत नाही, निर्णय डीबीएचा (डेटाबेस सांभाळणाऱ्याचा). असा मजकूर मी क्लॉबमध्ये (खूप मोठ्या मजकुरासाठीचा टाइप) ठेवतो. मात्र क्लॉबवर साधा इंडेक्स बनत नाही, क्वेरीच्या वेअर अटीत बरोबरचं चिन्हही (=) चालत नाही. ज्यावर शोध घ्यायचा ते विषय, गाव वेगळ्या व्हारकॅर२ कॉलममध्येच हवं.

कॅर टाइप मी नव्या टेबलमध्ये घेतच नाही. तो उरलेली जागा स्पेसने भरतो. कॅर(१०) कॉलममधलं ‘PUNE’ क्वेरीत थेट लिहून शोधलं तर सापडतं, पण तेच मूल्य व्हारकॅर२ व्हेरिएबलमधून दिलं की एकही ओळ येत नाही. एररही नाही, त्यामुळे शोधणारा हैराण होतो.

कॉलममधलं मूल्य घेणाऱ्या व्हेरिएबलची लांबी हाताने लिहू नका, %टाइप लावा, म्हणजे व्हेरिएबल कॉलमचाच टाइप आणि लांबी घेतो. उद्या कॉलम वाढला, तर प्रोसिजर नुसती कंपाइल होऊन नव्या लांबीने चालते.