उपग्रह मेलेला नसतो! माग काढताना या चुका टाळा

"सिग्नल नाही, बहुतेक बंद पडलाय." उपग्रहाचा रेडिओ सिग्नल ऐकायला हातात यागी अँटेना (आडव्या दांड्यांची, एका दिशेला रोखायची) घेऊन गच्चीवर पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस दहा मिनिटांत हे वाक्य बोलतोच. उपग्रह बंद पडतातही, विद्यार्थ्यांनी बांधलेले तर जरा लवकरच. पण बरेचदा तो बिचारा डोक्यावरून बडबडत निघून गेलेला असतो आणि घोळ आपल्याच लॅपटॉपमध्ये असतो.

त्यातला माझ्या डोक्यात जाणारा घोळ म्हणजे शिळी टीएलई, 'टू-लाइन एलिमेंट'. यात उपग्रहाची कक्षा आकड्यांच्या दोन ओळींत मांडलेली असते, त्यावरून सॉफ्टवेअर पासची, म्हणजे उपग्रह आपल्या आकाशातून जाण्याची, वेळ काढतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण बघतो, पण टीएलईची तारीख बघायचं कुणाला सुचत नाही. ती पहिल्याच ओळीत असते. 24125 असं काही दिसलं तर 2024 सालचा 125वा दिवस, म्हणजे 4 मे.

हे उदाहरण उगाच घेतलेलं नाही. 19 मे 2024, रविवार. इंजिनिअरिंगची चार मुलं आमच्या गच्चीवर आली होती. सुमारे 500 किलोमीटरवरून फिरणारा, 437 मेगाहर्ट्‌झवर बोलणारा एका विद्यापीठाचा छोटा उपग्रह ऐकायचा होता. पास जवळजवळ डोक्यावरून होता. अँटेना ठीक, केबल ठीक, डॉप्लरची (उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना वारंवारता सरकते, तिची) दुरुस्ती सॉफ्टवेअरवर सोपवलेली. पास संपला, डिकोडरमध्ये (सिग्नलमधून मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक ओळ आली नाही. "काका, मेलाय तो," एकाने जाहीर केलं आणि मंडळी मिसळ खायला गेली.

मी मात्र कच्चं रेकॉर्डिंग ठेवलं होतं. ते संध्याकाळी उघडलं तर वॉटरफॉलवर (वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रावर) उतरत्या एससारखी रेघ, अगदी स्वच्छ! हा एस मधोमध जिथे सगळ्यांत वेगाने घसरतो, तो उपग्रह सगळ्यांत जवळ असल्याचा क्षण. तो आमच्या वेळापत्रकापेक्षा जवळपास मिनिटभर आधी येऊन गेला होता. मुलांची टीएलई 4 मेची होती, आणि मध्ये 10-11 मेला मोठं सौरवादळ होऊन गेलं होतं. अशा वेळी वरचं विरळ वातावरण तापून फुगतं, उपग्रहाला जास्त घासतं आणि तो थोडा खाली येतो. आता गंमत बघा, खाली आलेला उपग्रह उशिरा नाही, लवकर येतो. कक्षा लहान होते आणि वेग वाढतो. मिनिटभरात तो साडेचारशे किलोमीटर पुढे जातो. 437 मेगाहर्ट्‌झवर डॉप्लरमुळे वारंवारता पासच्या सुरुवातीला सुमारे 10 किलोहर्ट्‌झ वर असते आणि शेवटी तितकीच खाली. त्यामुळे सॉफ्टवेअर वरची वारंवारता धरून बसलं होतं आणि खरा सिग्नल केव्हाच खाली उतरून फिल्टरच्या बाहेर गेला होता.

तेव्हापासून माझी सवय अशी: पासच्या दिवशी सकाळी सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावरून ताजी टीएलई घ्यायची, आणि डिकोडर कितीही हुशार असला तरी कच्चं रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. सॉफ्टवेअर आपोआप अपडेट करतं, असं मला कुणी सांगू नये. गच्चीवर वायफाय पोचतं का, ते आधी बघा.

दुसरी चूक कक्षेचा कल न बघण्याची. "ॲस्ट्रोसॅट पुण्याच्या डोक्यावरून कधी जातो?" हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. उत्तर: कधीच नाही. 28 सप्टेंबर 2015 ला सोडलेली ही आपली अंतराळ वेधशाळा सुमारे 650 किलोमीटर उंचीवरून फिरते, पण तिच्या कक्षेचा कल विषुववृत्ताशी फक्त 6 अंशांचा आहे, म्हणजे 6 अंश अक्षांशापलीकडे ती जातच नाही. दक्षिण अटलांटिकवर किरणोत्साराचा जो पट्टा खाली झुकलाय, त्यातून कमीत कमी जावं लागावं म्हणून कक्षा अशी निवडली. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. हिशोब केला तर ॲस्ट्रोसॅट आपल्याकडे क्षितिजापासून फार तर 17-18 अंश वर चढतो, तोही दक्षिणेला. दिल्लीतून तर तो क्षितिजावरून जेमतेम डोकावतो. त्यात तो हौशी रेडिओवाल्यांच्या वारंवारतेच्या पट्ट्यात बोलतही नाही, त्यामुळे यागी घेऊन त्याच्या मागे लागू नका. पण पासचं गणित शिकायला याच्यासारखा उपग्रह नाही. ते एकदा कागदावर करा. ॲपमधला बाण बघून वळणाऱ्यांना ते कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

नव्या प्रक्षेपणाच्या पहिल्या आठवड्यात घाई नको. पुण्याच्या विद्यार्थ्यांचा स्वयम् उपग्रह 22 जून 2016 ला गेला तेव्हा त्या पीएसएलव्ही रॉकेटवर एकूण 20 उपग्रह होते. फेब्रुवारी 2017 मध्ये तर एका रॉकेटवर 104. अशा वेळी टीएलईच्या यादीत 'ऑब्जेक्ट ए', 'ऑब्जेक्ट बी' अशी नावं असतात आणि कोण कोणता हे ठरायला वेळ लागतो. मी सगळेच ऑब्जेक्ट लावून ठेवतो आणि ज्याचा डॉप्लर जुळेल तो आपला मानतो.

पासची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की आपली, हे बघा. 22:50 यूटीसी म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, 4:20. रात्री पावणेअकराला जेवणं आटोपून गच्चीवर जाणारे मी पाहिलेत.

आपल्या जागेच्या अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केलीत तर सॉफ्टवेअर तुम्हाला नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात नेऊन बसवतं. तिथे ध्रुवीय उपग्रहांचे पास भरपूर, म्हणून नवशिके खूशही होतात!

आणि केबल. आरजी-58 ची दहा मीटर केबल 437 मेगाहर्ट्‌झवर निम्म्याहून जास्त सिग्नल खाते. डोंगल (सिग्नल घेणारा छोटा यूएसबी रिसीव्हर) अँटेनाच्या बुडाशीच लावा, लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसा आणि स्क्रीनवर ऊन येऊ नये म्हणून पुठ्ठ्याचं एक खोकं सोबत न्या.