आरडीचं क्लच कव्हर चमकवताना

इंजिनाच्या कव्हरवर माझा पहिला प्रयोग कॉस्टिक सोड्याचा होता. बादलीत कव्हर बुडवलं, फसफसून फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. निघत होतं ॲल्युमिनियम, आणि बुडबुडे हायड्रोजनचे होते. बाहेर काढलं तर कव्हर तव्याच्या बुडासारखं काळं. आई म्हणाली, “चिंच लावून बघ.” देव्हाऱ्यातल्या पितळी बाळकृष्णाला जे चालतं ते इथे चालत नाही, हे पटवायला मला आठवडा लागला.

गाडी बाबांची, राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने १९८३पासून फरीदाबादला बनवलेली यामाहाची आरडी. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. इंदूरला रामबागेतल्या आमच्या मागच्या ओट्यावर ती उभी असते.

आधी स्क्रू. जपानी गाड्यांच्या कव्हरांचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसाला नीट बसत नाहीत. पेचकस वर सरकतो आणि फुलीचा खड्डा होतो. त्यांच्यासाठी जेआयएस, म्हणजे जपानी मापाचं, टोक मिळतं. जाम स्क्रूला हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा, सियागंजात मिळतो. क्लच कव्हर काढण्याआधी गिअर ऑईल काढून घ्या. नवख्यांनी मात्र डावीकडच्या पॉइंटच्या (ठिणगीची वेळ साधणाऱ्या भागाच्या) कव्हरपासून सुरुवात करावी. छोटं आहे, बिघडलं तरी जीव जळत नाही.

जुन्या कव्हरवर पारदर्शक लॅकर असतं. ते पिवळं पडतं, आणि त्याखाली पांढऱ्या अळ्यांसारखे गंजाचे माग दिसतात. पेंट रिमूव्हर लावून ते पूर्ण उतरवा. अर्धवट राहिलं तर घासायचा कागद त्यानेच भरून बसतो.

मग ही एक गोष्ट करा, जी मला कुणी सांगितली नव्हती. कव्हर १२ मिमीच्या प्लायवर त्याच्याच भोकांतून स्क्रूने आवळा. गॅस्केट (तेल गळू नये म्हणून मधे घालायची पातळ चकती) बसते ती कड त्यामुळे झाकली जाते. पूर्वी एका ठिकाणी दुसरं कव्हर बफला, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवायला, दिलं होतं. आरशासारखं परत आलं, पण कड गोल झालेली आणि उठावाची अक्षरं निम्मी पुसलेली. ते बसवल्यावर ओट्यावर रोज सकाळी तेलाचं नाणं पडायचं.

आता कागद. खरं काम इथेच आहे आणि इथेच सगळे घाई करतात. वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) घ्यायचा, नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. खोल ओरखडे असतील तिथेच २२०, नाहीतर थेट ३२०. मग ४००, ६००, ८००, १२००. सपाट भागाला कागद जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यावर गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या नाल्या पडतात आणि बफनंतर उन्हात लाटा दिसतात. वळणांना स्पंजचा तुकडा चांगला.

प्रत्येक नंबरला दिशा बदलायची. ३२० उभा घासला तर ४०० आडवा. म्हणजे उभी एकही रेघ उरली तरी ती ओरडून दिसते. शंका असेल तर काळ्या मार्करने आडव्यातिडव्या रेघा मारा आणि घासा. शाई जिथे टिकते तिथे खड्डा आहे. टॉर्च तिरका धरून बघा. माझे ४००वर दोन संध्याकाळी गेल्या. १२००ला अर्धा तास पुरला. कसेरा बाजारात भांडी बफ करणारे एक म्हातारे उस्ताद आहेत. मी उत्साहाने ६००वरचं कव्हर घेऊन गेले तर त्यांनी चष्मा वर केला, नखाने एक चरा दाखवला आणि म्हणाले, “पहले ये लकीर तो मिटाओ, बिटिया.” बफने चरे जात नाहीत, तेच चकाकायला लागतात.

बफसाठी माझ्याकडे ६ इंची मोटर आहे, मिनिटाला २८०० फेरे. आधी शिवलेला घट्ट बफ आणि पॉलिशची तपकिरी वडी, मग सुटा सुती बफ आणि पांढरी वडी. दोन्ही बफ वेगळे ठेवा. वडी क्षणभरच टेकवायची. जास्त झाली की कव्हरवर काळे चिकट फराटे येतात. भाग चाकाच्या खालच्या अर्ध्यात धरा, कड खाली करून, म्हणजे बफ कडेवरून सुटून जाईल. कड त्याच्या तोंडावर आली की कव्हर हातातून ओढून भिंतीवर आपटतो. ओढणी घरात, केस बांधलेले, चष्मा आणि मास्क. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी पेटते, म्हणून त्याच मोटरच्या दुसऱ्या टोकाला लोखंड घासू नका. भाग तापला तर थांबा. फडक्यात गुंडाळून धरायचा मोह टाळा, बफ ते खेचतो.

उरलेला चिकटा रॉकेलने पुसा आणि वर मैदा चोळा. हो, मैदा. आई बघत नसताना. वर मेणाचा पातळ हात द्या. मी पुन्हा लॅकर मारत नाही, पिवळं पडून परत तेच. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ऑटोसॉल किंवा ब्रासो पॉलिशचा हात फिरवला की पुरतं. स्टील वूल मुळीच नको.

आतल्या भागांबद्दल लोक विचारतात. पिस्टनचा माथा गुळगुळीत केला तर काजळी कमी धरते, एक्झॉस्टच्या वाटेलाही चालतं. सिलिंडरची आतली भिंत मात्र आरसा करू नका. तिथल्या तिरक्या बारीक रेघा तेल धरून ठेवतात.

क्लच कव्हर परत बसवताना नवी गॅस्केट घ्या, स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळा. या कव्हरवरच ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनाला तेल पुरवणारा, पंप असतो. त्याची नळी सोडली होती, म्हणजे हवा शिरली असणारच. पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करा आणि नळीतून बुडबुडा न येता सलग तेल दिसेपर्यंत किकला पाय लावू नका. मी तोवर टाकीत थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेलही मिसळून ठेवते.