देणाऱ्याचा हेतू आधी वाचा: परदेशातील पूर्ण शिष्यवृत्तीसाठी अर्ज कसा करावा

विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणाचा सगळा खर्च देणाऱ्या शिष्यवृत्त्यांच्या याद्या शोधायला वेळ लागत नाही. चेव्हनिंग, राष्ट्रकुल, इरास्मुस मुंडुस, डाड, फुलब्राइट-नेहरू ही नावे प्रत्येक यादीत एकाखाली एक मांडलेली असतात, आणि त्या मांडणीमुळेच विद्यार्थ्याचा असा समज होतो की या सगळ्या एकाच जातीच्या गोष्टी असून एकच निबंध थोडाफार बदलून सगळीकडे पाठवता येईल. प्रत्यक्षात या प्रत्येक शिष्यवृत्तीमागे पैसा देणाऱ्याचा स्वतःचा एक स्पष्ट हेतू आहे, आणि तो न ओळखता केलेला अर्ज चांगल्या गुणांचा असला तरी मागे पडतो.

चेव्हनिंग ही ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याची शिष्यवृत्ती आहे. ती १९८३ साली सुरू झाली आणि तिचे आजचे नाव केंट परगण्यातील एका वाड्यावरून पडले. परराष्ट्र खाते पैसा देते म्हटल्यावर त्याला काय हवे असेल हे उघड आहे: पुढील दहा-पंधरा वर्षांत आपापल्या देशात निर्णयाच्या जागी पोहोचतील आणि ब्रिटनशी संबंध राखतील अशी माणसे. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आयोगाचा पैसाही ब्रिटिश सरकारकडूनच येतो, पण तो विकास साहाय्याच्या निधीतून येतो. त्यामुळे अर्जदार आपल्या देशातील कोणत्या प्रश्नावर काम करणार आणि त्याचा फायदा कोणाला होणार, हे तेथे तपासले जाते. त्यातील काही शिष्यवृत्त्यांना तर ‘शिष्यवृत्तीशिवाय ब्रिटनमध्ये शिकणे मला परवडणार नाही’ हीच एक अट आहे. युरोपीय संघाच्या २००४ पासून चालत आलेल्या इरास्मुस मुंडुस योजनेत अनेक विद्यापीठांचा गट मिळून एक अभ्यासक्रम चालवतो, निवडही तोच गट करतो, आणि म्हणून तेथे प्राध्यापकाच्या नजरेने अर्ज वाचला जातो. जर्मनीच्या डाड संस्थेची विकसनशील देशांसाठी जी खास अभ्यासक्रमांची योजना आहे, ती नोकरी करून अनुभव घेतलेल्या व्यावसायिकांसाठी आहे, नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी नव्हे.

म्हणून पहिले काम यादीतील नावे कमी करण्याचे आहे, आणि ते पात्रतेच्या अटींनी आपोआप होते. चेव्हनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे त्यांच्या हिशेबाने २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो. हा आकडा आठवड्याला ३५ तास आणि वर्षाला ४० आठवडे असा धरलेला आहे, त्यामुळे अर्धवेळ कामाचे तासही नीट मोजून मांडावेत. अमेरिकेत शिकण्यासाठी भारत आणि अमेरिका सरकारे मिळून देतात त्या फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर पाठ्यवृत्तीला तीन वर्षांचा अनुभव हवा. डाडच्या योजनेत पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव हवा, पण शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी नको, म्हणजे अर्जाची खिडकी दोन्ही बाजूंनी बंद होणारी आहे. इरास्मुस मुंडुसच्या बहुतेक अभ्यासक्रमांना अनुभवाची सक्ती नसते, त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याने प्रथम तिकडे पाहावे. वय, पदवी आणि अनुभव या तीन गोष्टी एका कागदावर लिहून त्यांवर या अटी घासून पाहिल्या, तर वीस नावांची यादी तीन-चार नावांवर येते. ती तशी येऊ द्यावी. पंधरा अर्ज करणारा विद्यार्थी मला नेहमी लग्नाच्या जेवणावळीत प्रत्येक पानावर थोडे थोडे जेवणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने आपल्या घरचा मार्गही याच वेळी तपासावा. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील ७५ विद्यार्थ्यांना दिली जाते, केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, आणि इतर मागास वर्ग व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी संबंधित विभागांच्या वेगळ्या योजना आहेत. या योजनांचा क्रम उलटा आहे: तेथे जागतिक क्रमवारीतील ठरावीक क्रमांकाच्या आतील विद्यापीठात आधी प्रवेश मिळवायचा असतो आणि मग जातीचा व उत्पन्नाचा दाखला जोडून शिष्यवृत्ती मागायची असते. या योजनांची नियमावली दरवर्षी नव्याने वाचावी लागते, कारण नियम बदलतात. केंद्राच्या योजनेतून २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले, आणि जुन्या नियमांच्या भरवशावर प्रवेश घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला असा बदल फार महाग पडतो.

आता वेळापत्रक. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात वर्गात बसायचे असेल, तर यंदाच्या उन्हाळ्यापासून काम सुरू करावे लागते. फुलब्राइट-नेहरूचे अर्ज मे महिन्याच्या सुमारास बंद होतात; डाडच्या अभ्यासक्रमांच्या मुदती अभ्यासक्रमागणिक वेगळ्या असून बऱ्याच जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतात; चेव्हनिंग ऑगस्टमध्ये उघडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास मिटते; राष्ट्रकुलही त्याच हंगामात येते; इरास्मुस मुंडुसच्या बहुतेक मुदती ऑक्टोबर ते जानेवारी या काळात असतात. नेमकी तारीख त्या त्या वर्षीच्या अधिकृत सूचनेतूनच घ्यावी. भारतीय अर्जदारांनी ध्यानात ठेवावे की राष्ट्रकुलच्या मुख्य योजनेत आयोगाच्या अर्जाबरोबर आपल्या शिक्षण मंत्रालयाकडूनही नामनिर्देशन लागते, आणि मंत्रालयाची मुदत आयोगाच्या मुदतीच्या आधी संपू शकते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण अर्ज अडतात ते बहुधा येथेच. महाराष्ट्रातील गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव आणि शेवटी किंवा वेगळ्या ओळीत आईचे नाव अशी रचना असते. पारपत्रावर तीच नावे वेगळ्या रकान्यांत आणि वेगळ्या क्रमाने येतात. लग्नानंतर नाव बदलले असेल तर तिसराच प्रकार तयार होतो. परदेशी कार्यालयातील माणसाला ही तीन माणसे वाटतात. यासाठी एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे, आणि नाव कायमचे बदलले असेल तर राजपत्रातील नोंदीची प्रत काढावी. अर्जात मात्र सर्वत्र पारपत्रावरचेच नाव लिहावे. विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित अधिकृत उतारा, मागवायला आठवडे लागू शकतात, म्हणून ती निकालाच्या दिवशीच मागवलेली बरी, आणि पाकीटबंद प्रतींबरोबर एक डिजिटल प्रतही घ्यावी. आपल्याकडे ६४ टक्के हे प्रथम श्रेणीचे चांगले गुण मानले जातात, पण वाचणाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. विद्यापीठाकडून श्रेणीचे प्रमाणपत्र, किंवा विभागात कितवा क्रमांक आला याचे पत्र मिळाल्यास तेही जोडावे.

शिफारसपत्रासाठी मोठ्या पदाचा माणूस शोधण्याची आपल्याकडे फार खोड आहे. प्राचार्यांनी किंवा आमदारांनी लेटरहेडवर लिहिलेल्या ‘हा विद्यार्थी होतकरू व सुस्वभावी आहे’ या चार ओळींपेक्षा, प्रकल्पात तुमच्या चुका दाखवणाऱ्या आणि नंतर त्या तुम्ही कशा सुधारल्या हे पाहिलेल्या व्याख्यात्याचे एक पान कितीतरी अधिक उपयोगाचे असते. त्यांना मुदतीच्या दीड महिना आधी भेटावे आणि आपला अर्ज, गुणपत्रिका व त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाची टिपणे सोबत द्यावीत. ‘तुम्हीच मसुदा करून आणा, मी सही करतो’ असे सर म्हणाले तर नम्रपणे टाळावे. एकाच हाताने लिहिलेली दोन शिफारसपत्रे आणि एक निबंध ओळखू येतात.

निबंधावर सर्वाधिक वेळ द्यावा, आणि तो कसा द्यावा हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, मराठवाड्यातील एक स्थापत्य अभियंता मुलगी तीन वर्षे एका स्वयंसेवी संस्थेत काम करते आहे. बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातील गावांत विहिरींची पातळी मोजणे, ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडणे, आणि त्यावरून रब्बीत कोणते पीक घ्यायचे याची चर्चा घडवून आणणे हे तिचे काम आहे.

चेव्हनिंगसाठी लिहिताना तिने त्या ग्रामसभेपासून सुरुवात करावी. उसाला पाणी कमी करा असे सांगितल्यावर कोण उठून गेले, सरपंचांना कोणत्या आकड्याने पटले, विरोध करणाऱ्या शेतकऱ्याला तिने पुढच्या मोजणीत कसे सामील करून घेतले, हे सगळे ‘नेतृत्व’ या शब्दाचा एकदाही उच्चार न करता नेतृत्व दाखवते. संबंध जोडण्याच्या प्रश्नातही ‘माझी ओळख मोठी आहे’ असे न सांगता भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयाशी, कृषी विभागाशी आणि गावाशी एकाच वेळी बोलण्याचा तिने कोणता रस्ता काढला ते लिहावे.

राष्ट्रकुलच्या अर्जात हाच अनुभव दुसऱ्या टोकाकडून सांगावा लागतो. परत आल्यावर ती कोणत्या संस्थेत, कोणते काम, किती गावांसाठी करणार. शिकलेली पद्धत तेथे कोण वापरणार. आणि तीन वर्षांनी बदल झाला की नाही हे कशावरून कळणार, याची उत्तरे तेथे हवी असतात. ‘देशाच्या विकासाला हातभार लावीन’ हे वाक्य त्या कार्यालयाने हजारो वेळा वाचलेले आहे. ‘विहिरींच्या नोंदी ठेवणाऱ्या जलसेवकांचे प्रशिक्षण मी सुरू करणार असून त्यांच्या नोंदी भूजल यंत्रणेच्या नोंदींशी ताडून पाहणार आहे’ हे वाक्य त्याने वाचलेले नसते.

इरास्मुस मुंडुससाठी ग्रामसभा मागे जाते आणि प्रश्न पुढे येतो. लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन येथील संस्था मिळून भूजल आणि जागतिक बदल या विषयावर जो अभ्यासक्रम चालवत आल्या आहेत, त्यासाठी ती अर्ज करत असेल, तर तीन वर्षांच्या नोंदींतून तिला न सुटलेले कोडे कोणते, ते सोडवायला कोणत्या सत्रातील कोणता विषय लागेल आणि प्रबंध कशावर असेल, हे लिहावे. डाडच्या योजनेतून स्टुटगार्टच्या जलसंसाधन अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला जायचे असेल, तर नोकरीतील अनुभव आणि अभ्यासक्रम यांचा सांधा ठळक करावा, आणि सध्याच्या कार्यालयाने परत घेण्याची तयारी दाखवणारे पत्र दिले तर ते जरूर जोडावे. एकच मुलगी, तीच तीन वर्षे, पण चार वेगळे निबंध. आणि चारही खरे.

पहिला मसुदा मराठीत लिहावा असा माझा आग्रह आहे. इंग्रजीत थेट लिहायला बसले की ऐकलेली वाक्ये हाताखाली येतात. मराठीत लिहिताना विहीर, पंचायत आणि भांडण आपोआप नेमके उतरते, आणि मग ते साध्या इंग्रजीत नेता येते.

मुलाखतीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर दोन मिनिटे बोलता आले पाहिजे, आणि जे केलेले नाही ते लिहिलेले नसावे.

‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ मात्र पैसे मोजण्यापूर्वी नीट समजून घ्यावा. इरास्मुस मुंडुसमध्ये शिक्षण शुल्क माफ होते आणि सध्याच्या योजनेत दरमहा १,४०० युरो मिळतात, पण विमानाचे तिकीट, व्हिसा आणि घराची अनामत हे सगळे त्याच रकमेत धरलेले आहे आणि ती रक्कम तेथे पोहोचून नोंदणी झाल्यावर सुरू होते. म्हणजे पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च खिशात असावा लागतो. डाड विमा आणि प्रवासभत्ता देते, तरी विद्यापीठाची सत्रवर्गणी विद्यार्थ्यालाच भरावी लागू शकते. चेव्हनिंगमध्ये एमबीएच्या शुल्कावर मर्यादा आहे, त्यामुळे महागड्या अभ्यासक्रमाचा फरक स्वतः भरावा लागतो. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जाणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करून घ्यावी लागते; तिची तारीखही लवकर घ्यावी.

परतण्याची अट हा या हिशेबाचाच भाग आहे. चेव्हनिंग संपल्यावर मायदेशी दोन वर्षे काढावी लागतात, राष्ट्रकुलमध्येही परतणे बंधनकारक आहे, फुलब्राइटच्या व्हिसावर दोन वर्षांची अट येते, इरास्मुस मुंडुसमध्ये अशी अट नाही. ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करारही झाला होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले, आणि तो पुरा करायला ते १९२० मध्ये स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर पुन्हा लंडनला गेले. तेव्हा सही करण्यापूर्वी मुदत किती, ती वाढते का आणि अट मोडल्यास रक्कम परत मागतात का, हे तीन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत.

निकालानंतर नाव राखीव, म्हणजे प्रतीक्षा, यादीत आले तर अर्ज बंद झाला असे समजू नये. इरास्मुस मुंडुसच्या मुख्य यादीतील काही विद्यार्थी दुसरीकडे जातात आणि रिकाम्या झालेल्या जागा राखीव यादीतून भरल्या जातात. ते बोलावणे आल्यावर उत्तर द्यायला थोडेच दिवस मिळतात, म्हणून पारपत्राची वैधता, ट्रान्स्क्रिप्ट आणि भाषेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र तोपर्यंत हाताशी ठेवावे, आणि रोज टपालपेटी उघडून पाहताना ‘स्पॅम’चा कप्पाही उघडावा.