महापालिकेचा आरोग्य अधिकारी व्हायचंय? पात्रता, अधिकार आणि रोजचं काम

एमबीबीएस झालेला चांगला डॉक्टर चांगला आरोग्य अधिकारी होतोच असं नाही. दवाखान्यात पेशंट आपल्यापर्यंत चालत येतो. इथे आजार वस्तीत असतो आणि तो आपल्याला शोधून काढावा लागतो. शिवाय आजार आपल्या खात्याचा असला, तरी त्याचं कारण बहुतेक वेळा दुसऱ्याच खात्याकडे असतं. पुण्यात पाणी पाणीपुरवठा विभागाकडे, कचरा घनकचरा विभागाकडे, हॉटेलातलं अन्न एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे. हे ज्याला पहिल्या दिवशी उमगलं, त्याचं निम्मं काम सोपं झालं.

पात्रता आणि कागद

एमबीबीएस आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची चालू नोंदणी ही पायाभूत अट. नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावं लागतं. ते राहून गेलं असेल तर अर्ज भरण्याआधी उरकून घ्या. वरच्या पदांसाठी पीएसएम, म्हणजे जनऔषधवैद्यकशास्त्रातली एमडी किंवा डीपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदविका) असलेल्याला वजन मिळतं, आणि ते रास्तच आहे. साथरोगशास्त्र आणि आकडे वाचायची सवय याच विषयात लागते. एमडी मेडिसिन किंवा एमएस सर्जरी करून या पदावर येणाऱ्यांना ती नव्याने लावून घ्यावी लागते. नुसतं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, केलेल्यांना शहरी आरोग्य अभियानात कार्यक्रम व्यवस्थापनाची कामं मिळतात, पण आरोग्य अधिकारी होण्यासाठी वैद्यकीय पदवी हवीच.

खुर्चीपर्यंत यायच्या वाटा तीन: महापालिकेच्या सेवेतून पदोन्नती, राज्याच्या आरोग्य सेवेतून प्रतिनियुक्ती आणि सरळसेवा. किती वर्षांचा अनुभव आणि कोणत्या पदावरचा, हे त्या महापालिकेचे सेवाप्रवेश नियम ठरवतात. जाहिरातीसोबत ते नियमही मुळातून वाचा. अर्ज बाद होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अनुभवाचं प्रमाणपत्र. 'यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले' एवढ्याने भागत नाही. पदाचं नाव, कायम की कंत्राटी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हाताखाली किती कर्मचारी, हे सगळं त्यात लिहून घ्या.

चार्ज घेताना

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये वैद्यकीय आरोग्य अधिकारी हे पद आहे, पण नोटीस काढणं, जागेत जाऊन तपासणं असे बरेच अधिकार कायद्याने आयुक्तांना दिलेले आहेत. ते तुम्हाला वापरायचे तर आयुक्तांचा लेखी आदेश लागतो. तो आदेश कोणत्या तारखेचा, त्यात कोणती कलमं आहेत आणि तो पदाला दिलाय की आधीच्या अधिकाऱ्याला नावाने दिलाय, हे पहिल्याच दिवशी बघा. नावाने दिलेला असेल तर नवा काढून घ्या. तसं न करता बजावलेली नोटीस कोर्टात पाच मिनिटंही टिकत नाही.

प्रसूतिपूर्व निदान कायदा, १९९४ खाली महापालिका क्षेत्रात समुचित प्राधिकारी, म्हणजे हा कायदा राबवणारा, आरोग्य अधिकारी असतो. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राचा महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत यायला हवा. नोंदणी ५ वर्षांची असते. नूतनीकरणाच्या तारखांची यादी भिंतीवर लावा. तपासणीत एफ फॉर्म (गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद) अर्धवट दिसला तर तिथल्या तिथे पंचनामा, पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर केंद्रचालकाची सही आणि मशीन सील करताना त्याचा अनुक्रमांक. हे खटले सहसा पंचनाम्यातल्या चुकांमुळेच पडतात. शुश्रूषागृहांची नोंदणीही आपल्याकडेच. तिथे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली आहे का, हे आत शिरतानाच दिसतं.

चार्ज घेतल्यावर पहिल्या आठवड्यात नकाशा काढून बसा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. या भागात पाणी कुठे नळाचं, कुठे विहिरीचं, कुठे टँकरचं, हे सोसायटीगणिक बदलतं. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ५०,००० लोकसंख्येला एक, असा निकष आहे. आपलं कोणतं केंद्र त्याच्या दुप्पट भार ओढतंय ते नकाशावर लगेच कळतं. पिंपरी-चिंचवड, पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंट, जिल्हा परिषद या सगळ्यांच्या साथरोग अधिकाऱ्यांचे नंबर त्याच दिवशी फोनमध्ये हवेत. मुळशीतला पेशंट कोथरूडच्या हॉस्पिटलात दाखल होतो, आणि त्याच्या गावातलं पाणी तपासायचं काम मात्र जिल्हा परिषदेचं असतं.

साथीची पहिली चाहूल

रोज सकाळी एकात्मिक रोग सर्वेक्षणाच्या पोर्टलवरचे एस, पी आणि एल हे तिन्ही फॉर्म उघडायचे. एस म्हणजे लक्षणांवरून वस्तीतल्या आशा आणि एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका, यांनी नोंदवलेलं, पी म्हणजे डॉक्टरांचं संभाव्य निदान, एल म्हणजे लॅबने पक्कं केलेलं. फक्त एल बघणारा अधिकारी साथीच्या आठ-दहा दिवस मागे चालतो. आणि पोर्टलवर जे येतच नाही, ते फोनवर कळतं. शहरातल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांच्या आयसीयूत रोज एक फोन करा: नेहमीपेक्षा वेगळं काही आलंय का?

या प्रश्नाचं मोल जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांना दिसलं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोमचे (नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण एकापाठोपाठ येऊ लागले आणि काहींच्या शौचनमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. हातापायांतली ताकद जाणं हे पोटाच्या संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतं. म्हणजे आज घेतलेला पाण्याचा नमुना चांगला आला तरी तीन आठवड्यांपूर्वीचं पाणी चांगलं होतं असं म्हणता येत नाही. अशा वेळी मागच्या महिन्याभरातले जुलाबाचे रुग्ण घरोघरी जाऊन शोधायचे आणि पाइपलाइन कधी, कुठे फुटली होती याची नोंद पाणीपुरवठा विभागाकडून लेखी मागवायची.

रुग्णांची यादी करताना दोन चुका हमखास होतात. एक, पत्ता. केसपेपरवर आधारचा पत्ता येतो. तो लातूरचा किंवा बीडचा असतो आणि पोरगा राहतो सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. 'सध्या कुठे राहता, जेवता कुठे, पाणी कुठलं पिता' हे तिन्ही प्रश्न फोन करून विचारायलाच लावा. दुसरी चूक, दाखल झाल्याची तारीख लिहिणं. लक्षणं सुरू झाल्याची तारीख हवी, नाहीतर साथीचा आलेख चुकीचा येतो आणि आपण उगमापासून आठवडाभर लांब शोधत बसतो. शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, जंतू जिवंत ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात घ्यायचा. विषाणूंसाठीचे नमुने शहरातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत जातात. शीतसाखळीत आणि फॉर्म पूर्ण भरून पाठवा. अर्धवट फॉर्ममुळे अडकलेला नमुना ही आपलीच चूक.

पाण्याची तपासणी, नीट

पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत नमुना घ्या. पाणी बंद असताना पाइपात दाब नसतो आणि गळतीच्या जागेतून ड्रेनेजचं पाणी आत ओढलं जातं. तासाभराने गेलात तर सगळं स्वच्छ दिसेल. प्रत्येक ठिकाणी दोन नमुने: एक मीटरजवळचा, एक स्वयंपाकघरातल्या नळाचा. मीटरजवळ क्लोरीन आहे आणि घरात नाही, तर दोष सोसायटीच्या टाकीत. दोन्हीकडे नाही, तर दोष वितरणात, आणि मग पत्र पाणीपुरवठा विभागाला.

ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडीन चाचणीचा रंग १० सेकंदांच्या आत वाचायचा. तोच मुक्त, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेल्या क्लोरीनचा. नळी हातात धरून गप्पा मारत उभं राहिलं की पिवळा रंग गडद होत जातो आणि संयुक्त क्लोरीनही मोजला जातो. अहवाल छान येतो, पाणी तसंच राहतं. नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर हवं, साथीच्या काळात ०.५.

टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची तर चांगल्या प्रतीची, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची, १,००० लिटरला अडीच ग्रॅम. ५०,००० लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग बादली भरा, ५-१० मिनिटं चुना खाली बसू द्या आणि फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता. अर्धा तास थांबून ओटी करा. पिवळं आलं नाही तर बहुधा पावडर मेलेली असते. तोंड उघडं राहिलेल्या, दमट खोलीत ठेवलेल्या गोणीतला क्लोरीन उडून जातो. म्हणून प्रत्येक गोणीवर उघडल्याची तारीख लिहायला लावा आणि नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

पावसाळा आणि डेंगी

नगरसेवकांचा फोन धुरीसाठी येतो. धुरीने उडणारे डास मरतात. ड्रममधल्या अळ्यांना काहीच होत नाही. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, म्हणून भांडी तपासायची फेरी दर ७ दिवसांनी त्याच गल्लीत झाली पाहिजे. दहा दिवसांनी गेलात तर डास उडून गेलेले असतात. बांधकामावरचे लिफ्टचे खड्डे, टाक्या आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमागचे ड्रम आधी बघा. निदानात पहिल्या ५ दिवसांत एनएस१ एलायझा (विषाणूचं प्रथिन शोधणारी), त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंड शोधणारी). रॅपिड टेस्ट सरकारी मोजणीत धरत नाहीत, पण त्या पॉझिटिव्ह आलेल्या घराभोवतीची तपासणी त्याच दिवशी करा. पक्क्या निकालाची वाट बघण्यात जे दिवस जातात, तेवढ्यात शेजारच्या दोन घरांत लागण होते.

घरात शिरताना पुण्याने एक गोष्ट विसरू नये. साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या काळातला. त्या वर्षी प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली सोजिरांनी इथल्या वाड्यांत घुसून केलेल्या झडत्यांनी लोक आजार लपवू लागले आणि शेवट गणेशखिंडीत गोळ्या झाडण्यात झाला. अधिकार हातात असला तरी दारात आधी त्या वस्तीतली आशाताई उभी राहिली पाहिजे. ती असेल तर पंखे-कूलरपासून देवघरामागच्या हंड्यापर्यंत सगळं दाखवतात.

मृत्यूचं कारण

जन्म-मृत्यू नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुर्लक्ष होतं ते मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राकडे, म्हणजे फॉर्म ४ कडे. पहिल्या ओळीत 'हृदय व श्वसनक्रिया बंद' असं लिहून खालच्या ओळी कोऱ्या ठेवलेले फॉर्म ढिगाने येतात. मरताना प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच; त्यातून शहराला काहीच कळत नाही. वरच्या ओळीत तात्कालिक कारण, खाली ते कशामुळे, त्याखाली मूळ आजार, असा उतरता क्रम हवा: सेप्टिक शॉक, न्यूमोनिया, डेंगी. असे कोरे फॉर्म त्याच आठवड्यात हॉस्पिटलला परत पाठवा, सोबत बरोबर भरलेला एक नमुना जोडा आणि तिथल्या निवासी डॉक्टरांना तासभर बसवून समजावून सांगा. निवासी डॉक्टर दर काही महिन्यांनी बदलतात, म्हणून हे वर्षातून दोनदा करावं लागतं.