चित्रं बघायची संध्याकाळ: चाळीसगावातली तयारी

सगळ्यात आधी तारीख ठरवा, आणि ती डिसेंबर-जानेवारीतली धरा. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो. अशा उकाड्यात बंद खोलीत उभं राहून चित्र बघा म्हणून कुणाला सांगवत नाही. लग्नाची दाट तिथी आणि आठवडे बाजाराचा दिवस टाळा. वेळ साडेसहाची ठेवा. या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, शेतातून आलेल्या बायांना घरी जाऊन हातपाय धुवायला तेवढा वेळ मिळायलाच हवा. पाचला सुरू केलं तर त्या येणारच नाहीत, आणि मला त्या यायला हव्या आहेत.

ठिकाणं तीनच. जास्त घ्यायचा मोह होईल, पण आवरा. पहिलं छायाचित्रकार केकी मूस यांचं स्टेशनजवळचं घर, दुसरी शाळेची चित्रकलेची खोली, तिसरं एखाद्या जुन्या पेंटरचं दुकान. तिन्हीमधलं अंतर चालत जाण्यासारखं असलं पाहिजे. रिक्षात बसलं की गप्पांचा धागा तुटतो. पितळखोऱ्याची लेणी आणि पाटणादेवी कुणीतरी सुचवेलच. तिथे जंगल आहे आणि दिवसाचा उजेड लागतो. त्यासाठी वेगळा रविवार काढा.

मूस यांच्या घरासाठी परवानगीचं पत्र महिनाभर आधी द्या. संध्याकाळी दार उघडं ठेवायचं म्हणजे तिथल्या माणसांना जास्तीचं थांबावं लागतं, म्हणून पत्र देऊन गप्प बसू नका. स्वतः जाऊन भेटा, किती माणसं येणार ते खरं सांगा आणि दिवे कुठले लागतात ते पाहून या. घर लहान आहे. गेल्या खेपेला माझी मोठी चूक झाली होती. साठेक माणसं मी एकदम आत सोडली. पुढच्या दहांनी पाहिलं, मागच्यांनी पुढच्यांच्या पाठी पाहिल्या. आमच्या गल्लीतल्या एक आजी दारातूनच परत गेल्या. म्हणून आता दहा-बारा जणांचा एक गट, प्रत्येक गटाला एक वाटाड्या, दोन गटांत वीस मिनिटांचं अंतर. ज्येष्ठांचा आणि लेकुरवाळ्या बायांचा गट पहिला. वाट बघणाऱ्यांसाठी बाहेर सतरंजी, चार खुर्च्या आणि पाण्याचा जार ठेवा.

वाटाड्यांची तयारी नीट करून घ्या. याच कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्यांना एवढं पाठ हवं: मूस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1912 चा, मुंबईचा. विलायतेत कलेचं शिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि पुढची जवळपास सगळी वर्षं या घरातच राहिले. 31 डिसेंबर 1989 ला ते गेले. घराला त्यांनी रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं नाव दिलं होतं. टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा उजेड पाडून ते अख्खा देखावा उभा करत आणि मग त्याचं छायाचित्र घेत. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने एका टेबलावर केवढा मुलूख उभा केला, हे लोकांना तिथे उभं राहून दिसलं पाहिजे.

प्रेयसी येईल म्हणून रात्रीच्या पंजाब मेलची त्यांनी वाट पाहिली, ती गोष्ट गावात सगळ्यांनाच ठाऊक आहे. वाटाड्याने ती आधी सांगायची नाही. आधी सांगितली की लोक नुसता विरही माणूस शोधत फिरतात आणि छायाचित्रांपुढून सरळ निघून जातात. गोष्ट शेवटी सांगा, अंगणात, चप्पल घालताना. आत प्रत्येकाला एकच छायाचित्र निवडायला लावा आणि त्याच्यापुढे पाच मिनिटं थांबायला सांगा. पाच मिनिटं फार वाटतात, पण थांबून बघा. आधी वस्तू दिसते, मग तिची सावली दिसते, आणि मग उजेड कुठल्या बाजूने आलाय ते कळतं. त्या आजी आम्ही पुन्हा नेल्या तेव्हा एका फ्रेमजवळ नाक नेऊन त्यांनी विचारलं, "हाई फोटू शे का चितर?" टेबलावरच्या त्या कामाबद्दल याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही.

आत जाताना पिशव्या बाहेर ठेवायला सांगा, मोबाइल खिशात. फ्लॅश अजिबात नको. जुन्या छायाचित्रांना झगझगीत उजेड सोसत नाही, आणि काचेवर तो चमकला की शेजारच्याला काहीच दिसत नाही. मुरमुऱ्यांचा भत्ता, वेफर्स, चहा सगळं शेवटच्या ठिकाणी. तेलकट बोट काचेला लागलं की डाग पडतो, आणि तो पुसायला कुणीतरी आपला रुमाल काढतंच.

शाळेच्या खोलीसाठी कलाशिक्षकांना आठवडाभर आधी गाठा. एलिमेंटरी-इंटरमीडिएट या चित्रकलेच्या परीक्षांची मुलांची कामं मागून घ्या: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. बक्षीस मिळालेलीच लावू नका. कागद दोरीला चिमट्यांनी टांगा, उंची मुलांच्या डोळ्यांइतकी ठेवा. सजावटीला फ्लेक्स नको. डिसेंबर 1936 मध्ये आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातच मिळणाऱ्या वस्तूंनी सगळी नगरी सजवली होती. आपल्याला एक खोली सजवायची आहे. तुराट्या, सुपं आणि ज्वारीची कणसं पुरतात. लहान मुलांसाठी कोरे कागद आणि पेन्सिली. रंग नकोत, ते भिंतीवर जातात.

पेंटरकाकांच्या दुकानी गर्दी चालते, रस्त्यावर उभं राहता येतं. त्यांना एकच विनंती करा, एक पाटी सगळ्यांसमोर रंगवा. खडूची भुकटी चोळलेली दोरी दोन टोकांना ताणून धरतात, मधोमध चिमटीत उचलून सोडतात. फट् असा आवाज येतो आणि पत्र्यावर पांढरी सरळ रेघ उमटते. मग त्या रेघेवर ब्रश टेकतो आणि एका श्वासात 'श्री' उतरतो. फ्लेक्स आल्यापासून पोरांनी हे पाहिलेलंच नाही.

पैशांचं आधीच ठरवा. संध्याकाळ मोफत म्हणजे येणाऱ्यांना मोफत. पेंटरकाकांचं मानधन, मूस यांच्या घरी थांबलेल्या माणसांचा चहा-नाश्ता, कागद, चिमटे हे सगळं आपण पाच-सहा जणांनी वर्गणी काढून द्यायचं. मानधन पाकिटात घालून काम सुरू होण्याआधीच हातात ठेवा. हारतुरे, सत्कार, भाषणं काही नको. त्यात अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास चित्रांचा असतो.

धुळ्याहून, पाचोऱ्याहून येणाऱ्यांच्या परतीच्या गाड्यांच्या वेळा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दुकानाबाहेर लावा. वीज गेली तर दोन चार्जिंगचे दिवे हाताशी असू द्या, पण त्यांचा झोत चित्रांवर नको, छताकडे वळवा. प्रथमोपचाराची पेटी एका वाटाड्याकडे. सगळे गेले की सतरंज्या झटकायला चौघं थांबा. मूस यांच्या घराच्या दारात पडलेले कागद, कप उचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या माणसांना पुन्हा भेटून या, आणि एखादी काच हलली आहे का, ते त्यांच्याबरोबर आत जाऊन स्वतः पाहा.